बिनतिखट टमाटर सॉस

माझं तोंड आज अडीच बोटं उघडतं. त्या हिवाळ्यात दोनच उघडायचं. मोजायची रीत सोपी आहे. बोटं एकावर एक धरायची आणि दातांच्या मधून आत घालायची. चांगल्या माणसाची तीन जातात.

हे खर्र्यामुळे झालं, दुसऱ्या कशामुळे नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेल्यावर घोटून देतात, तो खर्रा. आमच्याकडे पाहुण्याला चहा नंतर विचारतात, खर्रा आधी. मी बावीस वर्षं खाल्ला. चंद्रपूरकडच्या मूल गावी राइस मिलमध्ये कामाला होतो. धानाचा ट्रक आला की दाणा दाताखाली धरायचा आणि ओल किती ते सांगायचं. यंत्र मागाहून लावायचे, आणि ते बहुतेक वेळा माझ्यासारखंच सांगायचं. तोंडाचा असा अभिमान असलेला माणूस त्याच तोंडात दिवसभर तंबाखू कोंबून बसत होता. आता माझा मलाच राग येतो, पण तेव्हा कोणी बोललं की त्याचाच राग यायचा.

दसऱ्याच्या सुमाराला नागपूरला एका दाताच्या डॉक्टरांना दाखवलं. गाल आतून पांढरा आणि ताठ झालाय म्हणाले. डाव्या बाजूला एक चट्टा आहे, त्याचा तुकडा काढून तपासू, आठ दिवसांनी या. मी गेलो नाही. आधी दिवाळी आडवी आली, मग धानाचा हंगाम, मग साळ्याच्या घरचं लग्न. सगळी कारणं खरी होती आणि सगळी बिनकामाची. मला भीती वाटत होती, एवढंच. कागदावर काय येईल ते मला वाचायचं नव्हतं. नागपूरचं नाव निघालं की बायकोवर खेकसायचो, म्हणून तिनंही विषय काढणं सोडलं.

जेवणाचे हाल सुरू झाले. आमच्या घरी भाजीत तिखट नसेल तर ती भाजी आजाऱ्याची. मला तर वांग्याच्या भाजीचा वाससुद्धा झोंबायचा. सकाळी दहीभात, संध्याकाळी दूधभात, असे अडीच महिने काढले. पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली. खर्रा मात्र चालूच होता. तो झोंबत नाही ना!

पोरगी चंद्रपूरला शिकायला होती. परीक्षा आटोपून जानेवारीत घरी आली ती पास्त्याचा पुडा घेऊन. वसतिगृहात मुली करतात, मऊ शिजतो, तिखट लागत नाही, बाबांना जमेल, असं तिचं म्हणणं. माझ्या पोटाची चिंता तिनं चंद्रपुरात बसून केली होती, आणि मी वर तोंड करून विचारलं की हे पोंगे माणसानं खायचे का.

पण खाल्ले. सॉस करायला तिनंच शिकवलं. हिवाळ्यात टमाटर स्वस्त असतात, बाजारातून पिशवी भरून आणायचे. बुडाला चीर देऊन उकळत्या पाण्यात सोडले की साल आपोआप सुटते. जवसाच्या तेलात लसूण टाकायचा, पण लाल होऊ द्यायचा नाही. मग हातानं कुस्करलेले टमाटर, एक किसलेलं गाजर, चिमूटभर साखर, मीठ, आणि तासभर मंद आच. कच्चा टमाटर तोंडात आग लावतो. तासभर शिजला, कडेला तेल सुटलं की त्याचा आंबटपणा पुष्कळ उतरतो. यात कसलीशी पानं घालतात आणि ती तुळशीच्याच जातीची असतात, असं पोरगी बोलून गेली. बायकोनं तिथंच बजावलं की अंगणातल्या तुळशीला कोणी हात लावून तर पाहा. पानं राहिली.

दोन दिवसांत ते काम मी माझ्याकडे घेतलं. जन्मात चहासुद्धा न केलेला माणूस मी, पण सॉस दुसऱ्या कोणाला हलवू देईना. ओट्यापाशी उभा राहायचो, गालात खर्रा, हातात पळी. बायको येता-जाता नाक मुरडायची, काय हे औषध म्हणायची, चमचाभर चाखून जायची. आणि मी जेवायचो. पोटभर म्हणतात तसा, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मग सिरोंच्याहून निरोप आला. सासूबाई पडल्या होत्या, हात मोडला होता. बायको तिकडे गेली ती दहा दिवस. घरात मी आणि पोरगी. ती स्वतःपुरती पोळी-भाजी करून घेईल असं मी धरून चाललो होतो. ती म्हणाली, वेगळं कशाला, तुमच्याबरोबर हेच खाते. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

पहिल्या दिवशी सॉस मला फिका लागला. कोमट पाण्यासारखा. मी मीठ वाढवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा फिका, पुन्हा वाढवलं. तोंडात झोंबत होतं, पण झोंबण्याची सवय झाली होती, आणि आंबटाचं झोंबतंय असं मी समजत होतो. पोरगी खाली मान घालून खायची, ताट स्वच्छ करायची आणि दोन-दोन तांबे पाणी प्यायची. एवढ्या थंडीत एवढं पाणी कशाला म्हणून मी एकदा तिला टोकलंही. ती हसली.

बायको दुपारच्या एसटीनं परत आली. हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेली, सॉसच्या गंजावरचं झाकण काढलं, चमचा तोंडात घातला आणि तशीच धावत मोरीपाशी जाऊन थुंकली. मीठ किती टाकलं म्हणून विचारायला लागली. माझं डोकं सणकलं. म्हटलं, दहा दिवस मीच करून राह्यलो, पोरगी खाऊन राह्यली, तिनं एक शब्द काढला नाही, आणि तू आल्या आल्या सुरू. बायको भांडली नाही. ती एवढंच म्हणाली की आधीही माझा अंदाज चुकतच होता, कधी मीठ पडायचंच नाही, कधी दोनदा पडायचं, आणि मी वळलो की ती ते सारखं करत होती. मग तिनं पोरीकडे पाहिलं.

"तू सांगतलं काऊन नाई बाबाले?"

पोरगी ओट्याची कड पुसायला लागली.

"बाबा पोटभर जेवून राह्यले होते न आई. सांगतलं असतं तं उद्यापासून जेवले नसते."

खरं होतं. नसतोच जेवलो. भांडं आपटलं असतं आणि दहीभातावर गेलो असतो, घरात चार दिवस कोणाशी बोललो नसतो. पोरीला बाप पुरता माहीत होता. म्हणून ती दहा दिवस मिठाचं पाणी गिळत राहिली. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी उलटा वागतो. म्हटलं, एवढं काही खारट नसेल, तुम्ही दोघी मिळून मला वेडा ठरवता.

अंगणात गेलो, खर्रा थुंकला. पाण्यानं चार वेळा चूळ भरली. परत आलो, चमचाभर सॉस घेतला आणि जिभेवर धरला. दोघी माझ्याकडे पाहत होत्या. डावा गाल झोंबला. बाकी काही नाही. आंबट नाही, गोड नाही, खारट नाही. आणखी एक चमचा घेतला. मग डब्यातलं नुसतं मीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं.

तेव्हा मी घाबरलो. दसऱ्यापासून घाबरतच होतो, पण ती भीती नागपूरच्या कागदाची होती, दूरची. ही माझ्या घरात, माझ्या तोंडात होती.

मिठाचा डबा बंद करून मी बायकोच्या हातात दिला.

"मले काईच समजत नाई," मी म्हणालो. "उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरले चाल माझ्यासंग."