रुखवतातली ट्यूब

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विषय काढला की मी हळदीच्या भावावर घसरायचो. जन्म सांगलीत अडतीच्या धंद्यात गेला, त्यामुळे बोलणं फिरवायची कला हाताशी होतीच. पण परवा नात मैत्रिणींना माळ्याकडे बोट दाखवून "ती आमच्या आजोबांची ट्यूब" म्हणून सांगत होती, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

जगात आजवर जेवढ्या म्हणून आपत्ती कोसळल्या, त्या सगळ्या आमच्या व्याह्यांच्या घरच्या ओळखीच्या होत्या. माझी सून सारिका, तिचे हे वडील. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, राहणार वडूजचे. म्हणजे जिथं टँकरचा भोंगा ऐकून माणसं घागरी घेऊन धावतात, तिथं बसून हा माणूस पुराची काळजी करायचा. भूकंप, ज्वालामुखी, महामारी, बुडालेली जहाजं, फुटलेली धरणं, या सगळ्यांबद्दल ते भावकीतली भांडणं सांगावीत तसे तावातावाने सांगत. पाँपेई त्यांच्या तोंडी म्हसवडच्या जत्रेइतकं सहज यायचं. "आवं पाव्हणं, डोंगर धुमसाय लागला हुता, तरी लोकं भट्टीत पाव भाजत बसली. का? तर आजवर काय झालं न्हाई म्हणून!" टायटॅनिकवर तर त्यांचा वैयक्तिक राग होता. "माणसं किती अन् बोटी किती? निम्म्यांनाबी पुरंनात! पंगत बसवायची अन् पत्रावळ्या निम्म्याच आणायच्या, ही कुठली रीत रं गड्या?" भोपाळचा विषय निघाला की बोट ओलं करून ते अंगणात वारा कुठून येतो ते बघायला जात. चीनमधल्या नद्यांच्या पुरात लाखांनी माणसं गेली, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरायचा, आणि माझ्याकडे, म्हणजे कृष्णेच्या काठाला घर बांधून बसलेल्या माणसाकडे, ते असे पाहत की मला उगाच पाय वर घेऊन बसावंसं वाटे.

स्वस्थ बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. कुठंही गेले की आधी दारं बघणार. चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून काढणार, पळताना वळवायला नकोत म्हणून. गळ्यात तुळशीची माळ आणि तिच्याच शेजारी शिट्टी. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन ते घरभर हिंडले आणि जिन्याखालची पोती हलवायला लावून मगच त्यांनी पहिला घास घेतला. माझ्या बायकोला वाटलं, पाहुणा घर पसंत करतोय. तो घरातून बाहेर कसं पडायचं ते बघत होता.

लग्न साताऱ्यात झालं. मंगलाष्टकं चालू असताना वधूपिता मांडववाल्याला विचारत होता, "जनरेटरचं डिझेल कुठं ठिवलंय?" तेही मी गिळलं. पण रुखवत बघायला गेलो आणि पायाखालची जमीन सरकली. लाडू, करंज्या, साखरेची तुळस, मण्यांचा राजवाडा, आणि या सगळ्याच्या मधोमध, हवा भरून टम्म फुगलेली ट्रकची काळी ट्यूब. तिच्यावर सारिकाच्या मावशीने पांढऱ्या रंगाने 'शुभविवाह' लिहिलेलं. शेजारी पायानं मारायचा पंप, त्याला हळद-कुंकू. आमच्या सांगलीच्या अडत्यांनी ट्यूबभोवती गर्दी केली. एकाने विचारलं, "काय हो, गाडी मागनं येतीय का?"

मी व्याह्यांना बाजूला घेतलं. ते उलट खुशीत होते. "आता सगळं ट्यूबलेस व्हाय लागलंय, पाव्हणं. असली मिळायची न्हाई. जपा."

जपा म्हणे! मी घरी येताच ती भंगारात घालायला सांगितली. सारिकाने मान हलवली आणि माझ्या नकळत हवा सोडून, घडी घालून, पंपासकट माळ्यावर ठेवली. ते मला पुढे कळलं.

आमच्या गल्लीत मागच्या मोठ्या पुराची रेघ भिंतींवर रंगवून ठेवलेली आहे. आमचं जोतं त्या रेघेच्या वर वीतभर. त्या वितेवर आम्ही सांगलीकर राजासारखे झोपतो. त्या वर्षी धरणांतून पाणी सोडलं तेव्हा मी नेहमीसारखा भडंगाचा पुडा घेऊन पुलावर पूर बघायला गेलो. तिथं वडूजहून फोन आला.

"पाव्हणं, लेकीला अन् नातीला मिरजंला सोडा. तुमीबी निघा."

"सुभेदार, पाणी रेघेच्या वर कधी गेलेलं नाही."

"रेघ तुमी मारलीया. नदीनं न्हाई."

पूल ऐकेल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "तुम्ही आहात तिथं तांब्याभर पाणी नाही, आणि आम्हाला पोहायला शिकवता!" आसपासची माणसं हसली. तिकडून ते म्हणाले, "पंपाच्या वायसरला तेल द्या," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाण्याने रेघ ओलांडली, जोतं ओलांडलं, आणि खालच्या खोलीतली हळदीची पोती भिजून घरात पिवळं तळं झालं. आम्ही वरच्या मजल्यावर. समोरच्या कौलारू घरातलं म्हातारा-म्हातारीचं जोडपं मात्र कौलांवर चढून बसलेलं, आणि मधून गल्लीतनं नदी वाहत होती. माझा मुलगा उडी मारायला निघाला. तेवढ्यात सारिका माळ्यावर चढली. "मामा, पंपावर पाय द्या," ती म्हणाली. मी पंप मारत राहिलो. चुण्या उलगडत गेल्या आणि डोळ्यांसमोर हळूहळू 'शुभविवाह' उमटलं. दोर कमरेला बांधून मुलाने ट्यूबवरून म्हाताऱ्याला आणलं, मग म्हातारीला, मग म्हातारी ऐकेना म्हणून तिच्या शेळीला.

पूर ओसरल्यावर गल्लीतल्या मंडळाने घरातला वडीलधारा म्हणून माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, माईक. कोणीतरी विचारलं, "पण ट्यूब घरात आलीच कशी?" समोर पहिल्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, फेटा बांधून व्याही बसले होते. आणि मी म्हणालो, "माणसानं दूरदृष्टी ठेवावी. मी आधीच आणून ठेवली होती."

टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी व्याह्यांनी वाजवल्या. खाली उतरलो तर माझा हात धरून म्हणाले, "लय बेस बोललात. मी जन्मभर बोंबललो, तर लोकं हसली. तुमचं ऐकत्यात. दोघा-तिघांनी मला इचारलं बी, ट्यूब कुठं मिळंल." त्यांच्या चेहऱ्यावर कुठे टोमणा आहे का ते मी शोधत होतो. नव्हता. सारिकाने त्या संध्याकाळी चहा दिला, पण मला मामा म्हटलं नाही.

त्यानंतर मी वडूजला पुष्कळदा गेलो. प्रत्येक वेळी घरून ठरवून निघायचो, आणि प्रत्येक वेळी कुठलं तरी बेट बुडायचं किंवा कुठला तरी डोंगर फुटायचा आणि माझं राहून जायचं. एकदा मात्र ते मिरजेच्या दवाखान्यात मोतीबिंदूसाठी होते. डोळ्यांवर पट्टी, खोलीत आम्ही दोघंच. मी सुरुवात केली, "व्याही, त्या सत्काराच्या दिवशी मी..."

"पाव्हणं," ते म्हणाले, "आदी जिना कुठल्या अंगाला हाय ते बगून या. माजं डोळं बांधल्यात."

मी उठलो. खरं सांगतो, सुटका झाल्यासारखा उठलो. जिना खोलीला लागूनच होता, तरी मी सगळा मजला फिरून आलो. परतलो तेव्हा सारिका त्यांना मोसंबी भरवत होती. "डाव्या हाताला," मी म्हणालो. "झ्याक," ते म्हणाले आणि निवांत झाले. मी सांगितलेल्या जिन्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

जगातल्या एकाही आपत्तीने त्यांना गाठलं नाही. भर उन्हाळ्यात, जेवण करून, दाराशी खुर्ची टाकून टँकरची वाट बघत असताना ते गेले. चपला बाहेर तोंड करून ठेवलेल्या होत्या.

हे लिहिताना दोनदा उठून मी माळ्यावरची ट्यूब दाबून बघितली. वायसरला तेल मी दर पावसाळ्याआधी देतो. आज सारिकाला आणि नातीला समोर बसवून हे वाचून दाखवणार आहे, पण ज्यांना ऐकवायचं ते वडूजच्या दारातून केव्हाच बाहेर पडले. एवढंच म्हणायचं होतं, सुभेदार: ट्यूब तुमची होती. मी ती भंगारात घालायला सांगितली होती. माझं चुकलं.