गाडीत ठरलेले शेवट

लग्न होऊन सालेकशाला आले त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत मी गोंदियात पुष्कळ सिनेमे पाहिले, आणि त्यांतल्या एकाचाही शेवट पाहिला नाही. नातींना हे सांगितलं की त्या पोट धरून हसतात. हसू देत. त्यांना सगळं आयतं मिळतं, शेवटासकट.

दोष आमचा नव्हता, रेल्वेचा होता. दुपारचा खेळ तीनला सुरू व्हायचा आणि आमच्याकडे येणारी पॅसेंजर तो संपायच्या आत सुटायची. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सिनेमाला जायची परवानगी त्याच गाडीच्या बोलीवर दिली होती. आमचे हे गोंदियाच्या राइस मिलमध्ये कामाला. मिलमधून सुटले की ते टॉकीजच्या दारावर येत आणि दारवान बायकांच्या बाजूचा पडदा सारून ओरडे, "सालेकसा वाले, चलो, गाडी का टाइम हो गया." पडद्यावर त्या वेळी नायिका हमखास कुणाच्या तरी पायाशी रडत असायची. आम्ही चपला शोधत, लोकांचे गुडघे तुडवत, मान वळवून वळवून पाहत बाहेर पडायचो. बाकीच्या बाया चिडायच्या, पण दारवानाला सवय झाली होती.

आम्ही म्हणजे तिघी. मी, आत्याबाई म्हणजे माझी सासू, आणि शेजारच्या काकू. माझी सासू सिनेमाची इतकी शौकीन निघेल असं मला पाहायला आले तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी दोन मिनिटांत होकार दिला असता. पडद्यावरच्या माणसांशी त्या भांडायच्या. खलनायक गोड बोलायला लागला की मोठ्यानं म्हणायच्या, "आयकू नको वो बाई त्याचं." काकूंना गाणी आवडायची आणि नायक अजिबात आवडायचे नाहीत. कुठलाही नायक असो, त्यांचं मत ठरलेलं: "ह्याले दोन मुस्काटात द्याले पाह्यजे, मंग काम करन."

आता शेवट पाहिला नाही म्हणून काय झालं? डब्यात बसलो की आम्ही तो ठरवायचो. गुदमा येईपर्यंत नुसता कालवा चालायचा. आमगावच्या आधी खलनायकाचं काय करायचं ते मिटवावं लागे, कारण तिथं माणसं चढत आणि मग धड बोलता येत नसे. धानोलीला लग्नं लागायची. सालेकशाचा सिग्नल दिसेस्तोवर सगळी माणसं आपापल्या घरी पोचलेली असत. शेवटचा शब्द आत्याबाईंचा. रात्रीची जेवणं आटोपली की आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, आळीतली माणसं येऊन बसत आणि आत्याबाई त्यांना पुरा सिनेमा सांगत. कुठवर पाहिला आणि कुठून ठरवला याची शिवण त्यांच्या सांगण्यात दिसत नसे. गावात आमच्याखेरीज कुणीही गोंदियाला जाऊन सिनेमा पाहणारं नव्हतं, त्यामुळे आमचा शेवट तोच गावाचा शेवट.

यातून घोटाळे झाले हे मी कबूल करते. एका सिनेमात टांगेवाला राजा होतो. हत्तीवर काय बसतो, मोहरा काय उधळतो. तिथंच आमची गाडीची वेळ झाली. आम्ही त्याला धानोलीपर्यंत सुखानं राज्य करू दिलं आणि गावात तसं सांगितलं. पुढे आमगावचा एक पाहुणा आला. तो म्हणाला, "मामी, ते सपन होतं. शेवटी त्याले घोडा लाथ मारते न् तो उठते." आत्याबाईंनी त्याच्या ताटात भात वाढता वाढता सांगितलं, "सपन तुले पडलं असन. तू झोपला असशीन टाकीजमंदी." पाहुणा भात कालवू लागला. आमच्या गावात तो टांगेवाला अजून राजाच आहे.

दुसरा घोटाळा जुन्या आठवणींचा. पडदा पाण्यासारखा हलायचा आणि म्हातारी नायिका एकदम वेण्या घातलेली पोर होऊन पळायला लागायची. काकूंना पहिल्यांदा वाटलं आपल्या डोळ्यांत काही गेलं. मी म्हटलं ती तिची लहानपणची गोष्ट असावी. आत्याबाई म्हणाल्या, लहानपणची गोष्ट असेल तर आधी काऊन नाही सांगितली? अखेर पडद्यावरची ती म्हातारी आणि ती पोर मावशी आणि भाची असून चेहरा एक आहे, असं आमगावच्या आत कायम झालं. आजही कुठं जुनी आठवण सुरू झाली की माझ्या मनात आधी मावशी-भाचीच येतात.

एका वर्षी पोळ्याला माझी नणंद माहेरी आली. तिचं सासर सौंदडकडचं, रेल्वेच्या छोट्या लाइनीवरचं, चांगली धानाची शेती असलेलं. सण झाला, आठवडे गेले, तरी ती परत जायचं नाव काढीना. विचारलं की उठून गोठ्याकडे जायची. माझ्याशी मात्र एकदा बोलली. घरात धानाच्या कोठ्या भरलेल्या, पण तांदळाच्या खोलीला कुलूप. किल्ली सासूच्या कमरेला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलं तर हिला. नवरा पाहायचा आणि काही बोलायचा नाही. "वहिनी, धानाच्या घरात मी उपाशी झोपून राहिली," एवढंच ती म्हणाली, तेही हळूच, कुणी ऐकेल अशा भीतीनं. तिचा तो आवाज इतका बारीक झाला होता की मला तिच्या सासरच्यांना शोधून बदडावंसं वाटलं.

मामाजींना हे कळलं नव्हतं असं नाही. ते वाईट नव्हते, भित्रे होते. बैलाला, सापाला, कचेरीतल्या साहेबाला ते भीत नसत. लोकांच्या बोलण्याला भीत. दिलेली पोर घरी बसली तर पंगतीत आपल्याकडे कसं पाहतील, एवढ्यावर त्यांचं डोकं अडायचं. आत्याबाई काही बोलल्या की ते अंबाडीची दोरी वळायला घेत. दसऱ्याच्या सुमारास व्याह्यांचा निरोप आला, पोरीला पाठवा. मामाजींनी कळवलं, मंडईला या, तेव्हा बोलू. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि सगळे सोयरे पाहुणे येतात. म्हणजे नणंदेचा फैसला तेव्हा व्हायचा होता, आणि तो कसा होणार हे आम्हाला न सांगता कळत होतं.

तिचं मन जरा रमावं म्हणून आम्ही तिला एकदा सिनेमाला नेलं. काय चित्र लागलंय ते काकूंनी विचारलंच नाही, गाणी आहेत का तेवढं विचारलं. आणि निघाली ती नेमकी सासरहून परत आलेल्या पोरीची गोष्ट. मोठ्या हवेलीतला करारी बाप, एकुलती एक लेक, सासरी छळ. इंटरवलनंतर ती पोर एक गाठोडं घेऊन चालत येते आणि बापाचं दार वाजवते. आत बाप उभा. कडीवर हात. चेहऱ्यावर दिव्याचा उजेड हलतोय. आणि दारवान ओरडला, "सालेकसा वाले."

नणंद उठेचना. आत्याबाईंनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

त्या दिवशी गुदम्यापर्यंत डब्यात कुणी बोललं नाही. मग काकूंनी आपल्या स्वभावाप्रमाणं सांगून टाकलं, "दार उघडन. रातभर ठेवन. सकाळी गाडीत घालून परत नेऊन देईन. बाप असेच असते." मी त्यांना पायानं डिवचलं, तर त्या मलाच म्हणाल्या, "लाथ काऊन मारून राहिली?" नणंद खिडकीबाहेर पाहत होती. आमगाव गेलं. माणसं चढली, टोपल्या चढल्या, एक बकरी चढली. तेवढ्यात नणंदेनं विचारलं, "आई, त्यानं उघडलं असन का वो दार?"

एरवी आत्याबाईंना शेवट सुचायला एक स्टेशनही लागत नसे. या वेळी धानोलीच्या थोडं अलीकडे त्या बोलायला लागल्या आणि अशा बोलल्या की बकरीवाला पण ऐकू लागला. बापानं दार उघडलं. लेकीला पाटावर बसवलं, आपल्या हातानं वाढलं, ती पोटभर जेवेपर्यंत समोरून हलला नाही. सकाळी सासरचे आले, तेव्हा तो त्यांना म्हणाला, पोरगी देली होती, फेकली नव्हती. आणि त्यांना वाटेला लावलं. काकूंनी सुद्धा मान डोलावली. मला रडू आलं आणि मी ते इंजिनाच्या धुरावर घातलं.

रात्री सपरीत आत्याबाईंनी तोच सिनेमा सांगितला. मामाजी पाठ फिरवून दोरी वळत बसले होते. सिनेमा सांगताना ते नेहमी असेच बसत आणि आपण ऐकत नाही असं दाखवत. सगळं झाल्यावर त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "मंग लोकं काय म्हनले?"

हा भाग गाडीत ठरलेला नव्हता. "बोलले दोन दिवस," आत्याबाई म्हणाल्या. "मंग धान कापाले आलं, गेले सगळे कापाले." मामाजींची दोरी चुकीच्या बाजूनं वळली गेली होती, ती त्यांना सोडून पुन्हा वळावी लागली.

मंडई आली. व्याही आले, मोठा फेटा बांधून, सोबत आपला भाऊ घेऊन. आणि त्याच दिवशी आमच्या गावात पहिल्यांदा तंबूचा टुरिंग टॉकीज आला. बैलगाडीवर भोंगा लावून एक माणूस ओरडत फिरला आणि कोणता सिनेमा ते आम्हाला कळलं. तोच. हवेलीतल्या बापाचा.

आम्ही तिघी चुलीपाशी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिलो. त्यात मामाजी आत आले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "व्याह्याले मी तंबूत नेऊन राहिलो. मले बोलता येत नाही. तो सिनेमातला बाप चांगला बोलते. त्याचं आयकू दे त्याले." आणि फेटा नीट करत गेले. म्हणजे त्यांचं मन ठरलं होतं. फक्त बोलायचं काम त्यांनी पडद्यावरच्या माणसावर सोपवलं होतं, आणि तो माणूस काय बोलतो हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. काकू म्हणाल्या, "बत्तीच बिघडली पाह्यजे तंबूतली." नणंदेनं लुगडं बदललं आणि आमच्या आधी जाऊन बसली.

तंबूत सगळं गाव होतं. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मामाजी मधोमध, शेजारी व्याही. गोष्ट पुढं सरकत गेली. दार वाजलं. बापाचा हात कडीवर गेला. इथून पुढचं आम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. बापानं दार उघडलं. लेकीला जवळ घेतलं, गाणं झालं. आणि सकाळी बैलगाडी जुंपून तो तिला सासरी घेऊन निघाला. सनई वाजत होती. लेक हसत होती. तेच तिचं घर आहे असं काहीतरी तो तिला हिंदीत समजावत होता.

व्याह्यांनी मामाजींच्या मांडीवर थाप मारली. "पाहा व्याही. समजदार बाप असा रायते."

मामाजी उभे राहिले. त्यांच्या फेट्याची सावली पडद्यावरच्या गाडीवर पडली. मागं वळून ते यंत्राजवळच्या माणसाला म्हणाले, "भाऊ, रीळ चुकली. असं नाही आहे ते."

"यही है, दादा," तो म्हणाला. "आखरी रीळ है."

"नाही," मामाजी म्हणाले. आणि गावातून आवाज उठायला लागले. कुणी म्हणालं, खरंच चुकली, पोरगी घरीच रायते. कुणी म्हणालं, आमाले माहीत आहे, जुनी रीळ लावून फसवून राहिला. काकू तर बायकांतून उठून यंत्रवाल्याला दोन मुस्काटात द्यायची भाषा करू लागल्या. तो बिचारा हात जोडून शपथा घेत होता, आणि पडद्यावर गाडी चाललीच होती.

मग मामाजींना समजलं असावं, आपण ऐकलेला शेवट कुणाचा होता ते. ते आत्याबाईंच्या दिशेनं पाहू लागले. अंधारात त्यांना काय दिसलं देव जाणे. आत्याबाईंनी मान खाली घातली नाही, एवढं मला दिसलं. मामाजी व्याह्यांकडे वळले. आवाज सगळ्या तंबूला ऐकू गेला.

"त्या बापानं नेली तर नेली. माही पोरगी माह्या घरी राहीन. तुमी जेवाले या, कवाबी या. तिले न्याले येऊ नका."

पडद्यावर सनई वाजतच होती. मामाजी इतकं बोलून झाल्यावर आता काय करायचं हे न कळून तसेच उजेडात उभे होते, आणि सगळं गाव त्यांच्याकडे पाहत होतं. आयुष्यभर ज्याला भ्याले ते हेच.

तेव्हा बायकांच्या बाजूनं माझी नणंद बोलली. हसत होती की रडत होती ते मला शेजारी बसूनही सांगता आलं नसतं. पण तिचा तो आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"बाबा, खाली बसा. मांगच्याइले दिसून नाही राहिलं."