ताडपत्रीचा बोगदा

पोटासाठी मी बोगद्यातल्या वाऱ्याचं गणित करतो. जमिनीखालून मेट्रो धावते तेव्हा ती पुढची हवा रेटत नेते आणि मागून नवी ओढून घेते. ती किती, कुठून, हे बोगदा खणण्याआधीच संगणकावर काढायचं. पडद्यावर लाल म्हणजे तापलेली हवा, निळी म्हणजे गार. शिरूर कासारकडच्या आमच्या गावाने रेल्वे फक्त निवडणुकीच्या भाषणात पाहिलेली. तिच्याच वाऱ्यावर माझं घर चालतं.

एका दुष्काळात सुट्टीवर गावी गेलो, तर दूध संस्थेने चारा छावणी उघडली होती. चेअरमनने मला शाल घातली. "साहेब, तुमी हवेतले. आपल्या जनावरांनाबी जरा हवा द्या."

शाल खांद्यावर पडली की माझी मान आपोआप हलते. मी लॅपटॉप उघडला, लांबलचक मांडवाच्या दोन्ही बाजू ताडपत्रीने बंद दाखवल्या आणि कामावरची बोगद्याची जुनी फाईल आत बसवली. निळी नदी वाहू लागली. संचालक मंडळ वाकून बघत होतं. "लई गार हाय राव!" म्हणत एकाने शर्टाचं वरचं बटण लावलं.

ताडपत्र्या लागल्या. 'वातानुकूलित छावणी' असा फलकही लागला. त्यावरच्या चेअरमनच्या फोटोने मांडवाचं उरलेलं तोंड बुजलं.

वहिनीची गाभण म्हैस याच मांडवात होती. दुपारी ती तोंड उघडून धापा टाकू लागली. बाहेर न्यावी तर छावणीतून नाव कमी, चारा बंद. आणि घरी वैरणीची काडी नव्हती. मी घाईने लॅपटॉप उघडला तेव्हा दिसलं, फाईलमधली धावती गाडी मी काढलीच नव्हती. सगळा निळा वारा तिचा होता.

चेअरमनला सांगितलं. "आता? उद्या आमदारसाहेब येणार हायेत. तवर असू द्या."

मी मान हलवली. त्या मानेची लाज मला आजही वाटते.

वहिनीकडे येऊन मी तिला बोगदा समजावू लागलो. गाडी, रेटलेली हवा, सगळं. पदराने म्हशीच्या तोंडावर वारा घालत तिने ऐकून घेतलं.

"मंजी गाडी आली की वारा येतो?"

"हो."

"मंग तुमची गाडी कवा यायची, भावजी? तवर हिला दम धराय सांगू का?"

आसपासची माणसं खदखदून हसली. मीही हसलो, आणि म्हशीकडे पाहून थांबलो. वहिनीने वैरणीचा विळा माझ्या हातात ठेवला. "तुमी शिकलेले. तुमीच पाडा भोक."

आधी फलकाच्या दोऱ्या कापल्या. चेअरमन तोंडावर पडले. मग ताडपत्र्या. आत आलेला वारा गरमच होता, पण वारा होता. बऱ्याच वेळाने म्हशीने तोंड मिटलं.

संध्याकाळी चेअरमनने शाल परत मागवली. तेव्हा ती टाकीतल्या पाण्यात भिजून म्हशीच्या पाठीवर होती.