कट्ट्यावरचा दुसरा ग्लास

‘मल्लूला गाडीनं उडवलं,’ एवढंच फोनवर कळलं आणि मी पायांत चपला न घालताच धावलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. गाडी चालवणारा सोळा वर्षांचा पोरगा, चांगल्या बंगल्यातला, बापाची गाडी न विचारता काढून निघालेला... आणि मल्लूनं उभा जन्म अशीच पोरं वाट का चुकतात, हे शिकवण्यात घालवला होता. महिना होत आला, पण हे वाक्य लिहिताना अजून माझा हात थांबतो.

मल्लिनाथ आणि मी कुरुंदवाडचे, शाळेत एका बाकावरचे. पुढं तो कोल्हापुरात कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला लागला, मी हायस्कुलात गणित. पोरं बिघडतात कशी, यावरून नव्वदच्या दशकापासून आमचं भांडण चालू होतं. मी म्हणायचो, दोन कानाखाली वाजवल्या की सरळ येतात. तो हसायचा. “मास्तर, पोराची संध्याकाळ कुठं जातीया ते आधी बघ की!” त्याचं म्हणणं असं, की पेठेतल्या तालमीत माती होती तोवर पोरांची मस्ती तिथंच जिरायची, वस्ताद शिव्या घालायचा, पण नावानं हाक मारायचा. मातीवर दुकानगाळे उठले आणि पोरं कोपऱ्यावर आली. तिथंही त्यांना नावानं हाक मारणारी माणसं भेटली, फक्त वेगळी. आणि एकदा रिमांड होम बघून आलेल्या पोराला गल्ली चोर म्हणायला लागली, की त्याला दुसरं काही व्हायला वावच उरत नाही.

वर्गात सांगून गप्प बसणारा गडी तो नव्हे. एखादं पोरगं रिमांड होममधून सुटलं, की त्याच संध्याकाळी मल्लू त्याला पेठेतल्या दूध कट्ट्यावर न्यायचा. म्हैस समोर उभी, गवळी धार काढतोय, चार ओळखीची माणसं ग्लास घेऊन गप्पा मारतायत... त्यांच्या मधोमध हा मोठ्यानं म्हणायचा, “दोन ग्लास दे!” आणि पोरगं प्याल्याशिवाय स्वतः ओठ लावायचा नाही. सायकली चोरणारं एक पोरगं मान वरच करेना. फेस बसला, दूध गार झालं, हा आपला उभाच. मी वैतागून म्हणालो, “तू तरी पी की लेका!” तर म्हणाला, “ऱ्हाऊ दे. ह्याच्यासाठी कोणतरी थांबलंय, हे पेठेला दिसू दे.” त्या पोराचं आज स्वतःचं गॅरेज आहे. मल्लूच्या अंत्ययात्रेत तो लहान मुलासारखा रडत होता.

बंगल्यातला पोरगा जामिनावर सुटला, त्या दुपारी मल्लूच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला. “भावजी, त्याला आज कट्ट्यावर न्यायचं हाय. येताय न्हवं?”

मी हादरलोच. “वहिनी, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? मल्लूला मारलंय त्यानं!”

“मला ठावं न्हाय व्हय?” त्यांचा आवाज फुटला. “पर ह्यांनी जल्मभर सांगितलं, ते आपल्या दारात आल्यावर खोटं कसं म्हणू?”

मी गेलो नाही. फोन आपटला आणि रात्रभर तळमळत पडलो. त्या मात्र गेल्या. पोरगं प्यायलं, मग त्या प्यायल्या, आणि सगळा कट्टा खाली मान घालून उभा होता, असं नंतर कळलं. पुढं त्या लेकीकडं वारणानगरला गेल्या.

काल संध्याकाळी स्कूटरवरून कट्ट्याकडनं चाललो होतो. तो पोरगा दिसला. एकटाच. भरलेला ग्लास समोर ठेवलेला, हात लावत नव्हता. बाकीची माणसं त्याच्यापासून सरकून उभी होती. गवळी मला बघून ओरडला, “मास्तर, ह्यो रोज येतोय बघा. कोण सोबतीला असल्याबिगर पीत न्हाय, आन् सोबतीला कोण येत न्हाय!”

त्या पोराचं तोंड मला बघवत नव्हतं, आजही बघवत नाही. माझा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. स्कूटर मी का थांबवली, ते मला खरंच सांगता येणार नाही...

“आणखी एक दे,” मी गवळ्याला म्हणालो. आणि पोरगा पिईपर्यंत ग्लास हातात धरून उभा राहिलो.