खिडकीकडच्या खुर्चीवर कोण होतं?

नोकरीतल्या बऱ्याच भानगडी विसरलो, पण वाडीतल्या अभ्यासिकेतली ती घटना अजून डोक्यातून जात नाही.

दुपारी आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. अभ्यासिकेच्या चालकाने नवा मोबाइल दाराजवळ चार्जिंगला लावला होता, तो गेला. चोर धरून ठेवलाय, लवकर या. लोक धरून ठेवतात तो बहुधा ज्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही असा असतो. गेलो तर पारशिवनीकडचा एक मुलगा मान खाली घालून उभा. पोलीस भरतीची तयारी करत होता. गुन्हा दाखल झाला असता, तर चारित्र्य पडताळणीतच त्याची भरती संपली असती.

खोलीत भिंतीकडे तोंड करून पाच खुर्च्या, एका रांगेत. डाव्या टोकाला खिडकी, उजव्या टोकाला दार. मोबाइल गेला तेव्हा पाचही भरलेल्या होत्या. दाराकडच्या खुर्चीवरून नुसता हात लांब केला की मोबाइल मिळत होता.

"दारापाशी हाच होता, माह्या उजव्या हाताले," एक बोलका, सगळ्यांचा लाडका पोरगा म्हणाला.

"मी खिडकीपाशी होतो, साहेब. खरं सांगून राहिलो," पारशिवनीचा म्हणाला.

उरले तिघे, दोन मित्र आणि एक मुलगी. हा कुठे बसला होता, ते एकालाही सांगता येईना. किती महिने एका खोलीत बसत होते ही मंडळी! मला रागच आला.

मुलाला ठाण्यात आणलं. त्याच्या बॅगेत बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक होतं, ते चहा घेता घेता चाळलं. पाच मित्र एका रांगेत बसले आहेत, अमका तमक्याच्या डावीकडे, तर टोकाला कोण? पोराने सगळे प्रश्न सोडवलेले. म्हटलं, आपणही एक सोडवून बघू.

बाकीच्यांना बोलावून वेगवेगळे जबाब घेतले. या वेळी मुलाचा विषयच काढला नाही. तुझ्या दोन्ही बाजूंना कोण होतं, एवढंच विचारलं. दोघे मित्र शेजारी शेजारी होते. त्यांच्या डावीकडे ती मुलगी, उजवीकडे तो बोलका. चौघे ओळीने लागले. पाचवा कुठल्या टोकाला, एवढंच उरलं.

मुलगी म्हणाली, "माह्या डावीकडे कोणीतरी होतं. चेहरा नाही पाहिला. पण माह्या वहीवर ऊन आलं का तो पडदा ओढून देत होता."

एक माणूस दोन्ही टोकांना कसा बसेल? बोलक्याला म्हटलं, "तो दारापाशी होता ना? मग खिडकीचा पडदा कोण ओढत होतं?" त्याचा चेहरा उतरला. मोबाइल त्याच्या गाडीच्या डिकीत निघाला.

सोडताना मुलाला विचारलं, "काहून रे, तिले तेव्हाच का नाही म्हटलं, मी तुझ्या बाजूले होतो म्हणून?"

"म्हटलं होतं, साहेब. ती म्हणाली, मी याले ओळखत नाही." बॅग खांद्याला लावत म्हणाला, "खोटं नव्हती बोलत ती."

मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून तपासात मी एक पथ्य पाळलं. एकलकोंड्या माणसाबद्दल थेट विचारायचं नाही, कारण त्याच्याकडे कोणी पाहिलेलंच नसतं. शेजारी काय घडत होतं ते विचारायचं.

आता निवृत्त झालो. बायको गेली, मुलगी पुण्यात. सकाळी बागेतल्या बाकावर आम्ही चार-पाच म्हातारे बसतो, मी कडेला. उद्या मी आलो नाही आणि कोणी विचारलं, इथे कोण बसायचं, तर हे काय सांगतील? परवा मीच होऊन शेजारच्या गृहस्थांना माझं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पेपर वाचत राहिले.