तुळशीबागेची विद्या आणि इटलीतलं घर

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. म्हणजे तुम्ही हसणारच म्हणा. नॉटिंगहॅममधले आमचे सगळे मराठी मित्र हसून बसलेत!

बायकोला, मधुराला, इटलीत डोंगरावरच्या एखाद्या गावात छोटंसं घर हवं होतं. बारा वर्षं हॉस्पिटलच्या शिफ्टा करून जमवलेले पैसे तिचे, स्वप्नही तिचं. माझ्याकडे खातं एकच, भाव पाडायचं. अहो, आईचा हात धरून तुळशीबागेत शिकलोय मी!

"घरात शिरलीस की तोंड वाकडं करून उभी राहा," मी विमानातच बजावलं. "आवडलं असं दिसलं की संपलं."

घर पाहिलं आणि मधुरा हरखलीच. खिडकीतून खाली ऑलिव्हची झाडं, अंगणात अंजीर. मालक पिएत्रो आजोबा, ऐंशीचे, याच घरात जन्मलेले. सोबत त्यांची नात. माझं इंग्लिश ती त्यांना इटालियनमध्ये सांगणार.

मी सुटलो. "भिंतींना ओल आहे. किचन केवढंसं! पायऱ्या किती त्या! आणि दार दक्षिणेला? छे छे!"

नात बिचारी शब्दन् शब्द सांगत होती. आजोबांचा चेहरा उतरत चालला. मी मनात म्हटलं, वा! चेहरा उतरला, आता भावही उतरणार.

"अरे, बास ना," मधुरा कुजबुजली. "त्यांना वाईट वाटतंय."

"गप गं. आता ब्रह्मास्त्र बघ."

मी निम्मी किंमत सांगितली. आजोबांनी नकारार्थी मान हलवली. मी चालू पडलो. मागून हाक येतेच, तुम्हीच सांगा, येते की नाही?

त्या गावात रस्ते कसले, पायऱ्याच पायऱ्या. दहा उतरलो. वीस उतरलो. चाळीसाव्या पायरीवर बुटाची लेस बांधली. दोनदा!

आणि आली! "सिन्योरे! सिन्योरे!"

"बघितलंस?" म्हणत मी धापा टाकत वर पळालो. दारात आजोबा. हातात माझी विसरलेली छत्री. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

मधुरा पायरीवर बसून रडली हो. तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली, आहे ती किंमत द्यायला तयार होऊन. तीन तासांनी परतली ती ओंजळभर अंजीर आणि आजोबांचा होकार घेऊन.

"काय जादू केलीस गं?"

"काही नाही. घर फार आवडलंय, एवढंच सांगितलं."

आजोबांची अट एकच. घर तिच्या एकटीच्या नावावर. नवऱ्याला इतकं नावडतंय, तर त्याच्या गळ्यात कशाला मारायचं?

आता दर उन्हाळ्यात आम्ही तिथे जातो. आजोबा शेजारच्या गल्लीत लेकीकडे राहतात. मधुरासाठी अंजीर घेऊन येतात आणि मला नातीमार्फत विचारतात, "पायऱ्या कमी झाल्या का?"

त्या घरात माझ्या मालकीची वस्तू एकच आहे, दारामागे टांगलेली छत्री.