आत्याचा डावा हात

सारजाआत्या गेली, हे वडिलांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी सोलापूरच्या नव्या पेठेत शाळेच्या कार्यक्रमासाठी कापड घेत होते. "दुपारची झोपली ती उठलीच न्हाय," एवढंच बोलले. झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं. मला आधी आठवला तो तिचा डावा हात...

सांगोल्याकडच्या आमच्या कोरड्या गावात घर मेंढरांवर चालायचं. चारा संपला की आईवडील कळप घेऊन लांब निघून जायचे आणि मी आत्याजवळ राहायची. ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर ती माहेरी आलेली. घोंगड्यांसाठी लोकर कातायची. उजव्या हाताने चरखा फिरवायचा आणि डावा हात खांद्याच्या वर नेत धागा ओढायचा. घरात कधी नुसती भाकरी आणि मीठ असायचं, पण चरखा थांबला नाही. त्या हातावर मी बी. ए. झाले. आमच्या घरातली पहिली; आत्या मला 'बीए' अशीच हाक मारायची. हे मी मान ताठ ठेवून सांगते.

मी शाळेत नोकरीला लागल्यावर तिच्या डाव्या स्तनात गाठ आली आणि तिने ती लपवली. कारण थोरली आत्या. थोरलीला फार पूर्वी हाच आजार झाला होता. तेव्हा सगळा स्तन काढला, काखेतल्या ग्रंथीही काढल्या. ती वाचली, पण हात सुजला तो सुजलाच, भगुलंही उचलवेना. सारजाआत्याचं एकच म्हणणं होतं, मेले तरी चालंल, हात देणार न्हाय.

मी तिला जवळजवळ ओढतच सोलापूरला आणलं. तपासण्यांनंतर सर्जन बाई म्हणाल्या, आधी केमो देऊ, ऑपरेशन नंतर. गावात हे कळलं आणि घरी रडारड सुरू झाली. आमच्याकडे सगळ्यांना एकच क्रम ठाऊक, आधी कापतात, मग केमोचं सलाइन. आधीच सलाइन म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. चुलते जीप घेऊन तिला न्यायला आले, बरोबर दोन बायका गळा काढायच्या तयारीत. आत्याच त्यांना म्हणाली, "अजून हाय मी. जरा थांबा की."

सगळ्यांना घेऊन मी डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी समजावलं, की आता पुष्कळदा औषधाने गाठ आधी लहान करतात, मग तेवढाच भाग काढता येतो. काखेतल्याही मोजक्या ग्रंथी तपासतात, त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या राहू देतात, म्हणजे हात सुजायची भीती कमी. खात्री मात्र देता येत नाही, हेही सांगितलं. आत्याने विचारलं, गाठ विरघळली तर कापणार कुठं? त्या म्हणाल्या, गाठीत आधीच धातूची बारीक खूण ठेवतो.

"आमी मेंढराच्या पाठीवर रंग लावतो, ती खूण लोकर कातरली की जाती," आत्या म्हणाली. "कानाला खाच पाडली तर ऱ्हाती. तुमची कुटली?"

"कानाची," डॉक्टर हसल्या.

"मग करा."

जीप तिला न घेताच परत गेली.

केमो सोपी नव्हती. तोंड आलं, घास गिळवेना, केस गेले. डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "लई बारीक कातरलं की गं, बीए." हळूहळू गाठ हाताला लागेनाशी झाली, आणि आत्याने घरी जायला पिशवी भरली. गाठ गेली, आता कशाला कापायचं? मी म्हटलं, "कळपात दिसत नाही म्हणून मेंढी सोडून घरी येतेस का तू?" तिने पिशवी खाटेखाली सारली.

धातूच्या त्या खुणेवरून तेवढाच भाग काढला. ग्रंथी स्वच्छ निघाल्या. काढलेल्या भागातही जिवंत कॅन्सर सापडला नाही. पुढे रेडिएशन झालं. घरी आल्यावर भिंतीवर बोटं वर वर चढवायचा व्यायाम होता. आत्या तो चरख्याशेजारच्या भिंतीवर करायची, लोकरीने तेलकट झालेल्या हाताने.

ते डाग अजून आहेत. खालचे दाट, वर विरळ, शेवटचा दाराच्या चौकटीच्याही वर. दिवसकार्य झाल्यावर वडील घराला चुना द्यायला निघाले, तेव्हा तेवढी भिंत मी सोडायला लावली. आत्या कॅन्सरने गेली नाही. ऑपरेशननंतर ती आठ वर्षं जगली आणि गेली त्या दिवशी सकाळीही डाव्या हाताने सूत ओढत होती.